लांब स्टड कशासाठी?
स्टड, म्हणजे चाक जिच्यावर नटाने आवळतात ती आट्यांची खुंटी, लांब असला की चाक घट्ट बसते, हा समज अमेरिकेतल्या नॅसकार कप शर्यतींच्या इतिहासापुढे टिकत नाही. तिथे 2021 पर्यंत चाकाला पाच नट असत, रिमला आधीच चिकटवलेले. स्टड लांब, पण टोकाला आटे नसत. चाक ढकलले की गुळगुळीत टोक नटात सरळ शिरे. लांबी वेळ वाचवी, ताकद वाढवत नसे. मग चाक बाहेर सरकवणारी चकती, म्हणजे स्पेसर, लावल्यावर लांब स्टड का लागतो? कारण स्पेसर आटे खातो. लांबी फक्त ती तूट भरते. पकड येते पुरेशा आट्यांनी आणि योग्य ताणाने. नॅसकारमध्ये चाक बदलण्याच्या घाईत हेच विसरले गेले, काही नट आवळलेच जात नसत, म्हणून 2016 मध्ये पाचही नटांची सक्ती परतली. 2022 मध्ये मधोमध एकच नट आला आणि कप शर्यतींपुरते लांब स्टडचे कामच संपले.