उसने कान

बोरिवलीहून अंधेरीला ऑफिसला जाताना आमची बस रोज ज्या हायवेवर अडकते, त्याचं कागदोपत्री नाव किती जणांना माहितीये? अली यावर जंग मार्ग. हे महाराष्ट्राचे राज्यपाल, १९७६ साली पदावर असतानाच वारले. बांद्रा रेक्लमेशनजवळ १९८३ साली सुरू झालेली श्रवणदोषांसाठीची राष्ट्रीय संस्थाही त्यांच्याच नावाची. दहा वर्षं त्या रस्त्यावर हॉर्न ऐकतोय, पण हे कळलं ते आजीमुळे.

आजी ८१ वर्षांची. गेलं वर्षभर ती काहीतरी भलतंच उत्तर द्यायची आणि घरात आम्ही हळूच म्हणायला लागलो होतो, की आता विसरायला होतंय. भजनी मंडळही सोडलं तिने. शेवटी कान तपासले. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. म्हणजे स्वर ऐकू येतात, पण 'स', 'श', 'त' गळून पडतात. "ऐकू येतं रे, पण कळत नाही," असं ती कधीपासून सांगत होती. ऐकत आम्ही नव्हतो.

यंत्राचं नाव काढताच तिला आठवली तिच्या भावाची डबी. केंद्र सरकारची अपंगांना साधनं देण्याची योजना १९८१ची, त्यानंतर कधीतरी शिबिरात मिळालेली. डबी सदऱ्याच्या खिशात, वायर कानापर्यंत. माणसाचा आवाज आणि कुकरची शिट्टी, सगळंच सारखं मोठं करायची. मामाआजोबांनी ती कपाटात ठेवली ती ठेवलीच.

खरं तर आपण इंजिनिअर लोकांनी या डबीला नमस्कार करायला हवा. ट्रान्झिस्टर १९४७चा, पण तो दुकानात आला तो रेडिओतून नव्हे. १९५२च्या अखेरीस सोनोटोन कंपनीने कानाच्या यंत्रात एक ट्रान्झिस्टर बसवला, सोबत दोन व्हॅक्यूम ट्यूब. ट्रान्झिस्टर रेडिओ आला १९५४ला! बेल लॅब्जने तर श्रवणयंत्रांसाठी पेटंटची रॉयल्टीच माफ केली होती, ग्रॅहम बेलच्या स्मरणार्थ. त्याची आई आणि बायको, दोघींनाही ऐकू येत नसे. पुढे १९६४ला इंटिग्रेटेड सर्किटही असंच झेनिथच्या श्रवणयंत्रातून ग्राहकापर्यंत पोचलं. १९९६ला पूर्ण डिजिटल यंत्रं आली आणि हरवलेल्या पट्ट्या जास्त नेमकेपणाने उचलता येऊ लागल्या. म्हणजे 'स' मोठा, सगळंच सारखं नाही. आजीला हवं होतं ते हेच.

असो. जोडीची किंमत ऐकून बाबा गप्पच झाले. (मुख्यमंत्री वयोश्री योजनेत २०२४पासून ६५ वर्षांवरच्यांना ३००० रुपये मिळतात, पण कुटुंबाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत हवं. आम्ही त्यात बसत नाही.) मग एका क्लिनिकने दरमहा भाड्याने देतो म्हटलं. यंत्र परत करायचं, कानाच्या मापाचा साचा तेवढा आपला.

"उसने कान कशाला?" आजी म्हणाली. मी म्हटलं, आजी, तीन महिने वापरून तर बघ, नाही पटलं तर देऊ परत. भाड्याचा खरा फायदा हाच वाटतो मला. मेंदूला नव्या आवाजाची सवय व्हायला काही आठवडे जातात, आणि विकत घेतलेलं यंत्र पहिल्या आठवड्यातच कपाटात जातं. मामाआजोबांचं गेलं तसं.

पहिले चार दिवस तिने पंख्याच्या आवाजाची तक्रार केली. पाचव्या दिवशी मी स्वयंपाकघरात आईला हळूच म्हणालो, की भाडं जरा जास्तच आहे.

"मग परत दे," आजी बाहेरून म्हणाली.

दुसरा महिना चालू आहे. गुरुवारी ती भजनाला जाऊन आली.