ध्वनिस्नान आणि नारोशंकराची घंटा

मी विषय कळवला तेव्हा संयोजकांनी फोन करून विचारलं, "सर, ध्वनिस्नान की गोदास्नान?" त्यांचं काही चुकलं नाही. नाशिकमध्ये स्नान म्हटलं की रामकुंडच डोळ्यांपुढे येतं. हे स्नान वेगळं. साउंड बाथ म्हणतात त्याला. चटईवर उताणं पडायचं, डोळे मिटायचे, आणि कुणीतरी धातूचे वाडगे आणि मोठा गाँग हळूहळू वाजवत राहतं. तासभर. आपण काहीच करायचं नाही.

गेल्या वर्षी मला माझ्या मुलीने नेलं. "बाबा, एकदा येऊन तर बघा." कारण माझा डावा कान. आठ वर्षांपूर्वी एका मिरवणुकीत ध्वनिक्षेपकांच्या भिंतीशेजारी अडकलो होतो, गर्दीत पंधरावीस मिनिटं हलता आलं नाही. तेव्हापासून त्या कानात सतत सूं आवाज असतो. रात्री घर शांत झालं की तो वाढल्यासारखा वाटतो. ऐकणाऱ्यांपैकी कुणी याला अनाहत नाद म्हणू नका, माझ्या डॉक्टरांकडे त्याला वेगळं नाव आहे.

तर मी पडून राहिलो आणि बरं वाटलं, हे आधीच कबूल करतो. पण सुरुवातीला त्या बाई म्हणाल्या, "ही हजारो वर्षांची तिबेटी उपचारपद्धती आहे." मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. 'हजारो वर्षं' ऐकलं की माझा उजवा कानही वाजायला लागतो.

खरा इतिहास काय आहे? हे वाडगे हिमालयाच्या परिसरातले, कांशाचे. कांसं म्हणजे तांबं आणि कथील. जुन्या तिबेटी धार्मिक परंपरेत घंटा आहे, झांजा आहेत, लांबलचक कर्णे आहेत. पण वाडगे वाजवून रोग बरे करण्याची पद्धत तिथे आढळत नाही. वाडगे होते ते बहुधा जेवणाखाण्याचे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हेन्री वुल्फ आणि नॅन्सी हेनिंग्ज या दोघांची 'तिबेटन बेल्स' नावाची ध्वनिमुद्रिका निघाली आणि पाश्चात्त्य श्रोत्यांना या आवाजाची ओढ लागली. तिथून पुढे हा प्रकार वाढला. आता स्फटिकाचे पांढरे वाडगेही वाजवतात. त्यांचं मूळ तर कारखान्यात आहे: संगणकाच्या चिपसाठी सिलिकॉन वितळवायला क्वार्ट्झची भांडी लागतात, त्यांच्यापासून ते आले. म्हणजे परंपरेचं वय पन्नासएक वर्षं. पन्नास वर्षांची गोष्ट वाईट असते असं नाही, तिने आजीचं लुगडं नेसून येऊ नये एवढंच.

आता आपल्या गावाकडे येऊ. कांसं आपल्याला परकं नाही. उन्हाळ्यात तळपायाला तेल-तूप लावून काशाची वाटी घासायची, हा आपल्या घरांतला उपचार. नाशिकची तांबट आळी आणि भांडी बाजार तर प्रसिद्धच. माझ्या लहानपणी त्या आळीतून जाताना ठोक्यांच्या आवाजात बोलणं ऐकू येत नसे. आणि कांशाचं सगळ्यात मोठं भांडं, उलटं टांगलेलं, गोदेच्या काठी आहे: नारोशंकराची घंटा.

तिची कथा तुम्हाला माहीत असेल, तरी सांगतो. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. त्या मोहिमेत मराठ्यांची हजारो माणसं पडली. पोर्तुगीज चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून आणल्या गेल्या. त्यांतली एक भीमाशंकरला आहे, एक वाईजवळ मेणवलीला, आणि एक आपल्याकडे. आपल्या घंटेवर १७२१ हे साल कोरलेलं आहे. ती हत्तींवरून वाजतगाजत आणली असं सांगतात. पेशव्यांचे सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांना ती मिळाली. १७४७ मध्ये त्यांनी पंचवटीत रामेश्वराचं देऊळ बांधलं आणि त्याच्या दर्शनी भिंतीवर ती टांगली. मोठ्या आवाजात बोलणाऱ्या माणसाला नाशिककर अजून 'नारोशंकराची घंटा' म्हणतात.

म्हणजे बघा, जी घंटा येशूच्या प्रार्थनेची वेळ सांगायला ओतली, तीच शंकराच्या दारात वाजली. धातू तोच, नाद तोच. त्या नादाने वसईतल्या एखाद्या म्हातारीला प्रार्थना आठवली असेल, मराठी शिपायाला विजय आठवला असेल, आणि ज्या घरातलं माणूस वसईच्या तटाखाली गेलं, त्या घराला काय आठवलं असेल ते आपण समजू शकतो. 'अमुक कंपनांनी मनाला शांती मिळते' असं जे सरसकट सांगितलं जातं, ते इथे अडतं. नुसती कंपनं मनापर्यंत पोचत नाहीत. ती ऐकणाऱ्याच्या आठवणीतून पोचतात.

मग शास्त्र काय म्हणतं? कांसं वाजलं की त्याचा नाद सहज विझत नाही, कारण हा मिश्रधातू कंपनं आतल्या आत फारशी जिरवत नाही. शिवाय कुठलंही ओतीव किंवा घडीव भांडं अगदी नेमकं गोल नसतं. त्यामुळे एकाऐवजी दोन जवळजवळ सारखे स्वर निघतात. एक सेकंदाला २०० कंपनांचा आणि दुसरा २०४ चा असला, तर आवाज सेकंदाला चार वेळा मोठा-लहान होतो. ते 'घुमणं' यातून येतं. त्यात गूढ नाही, गोडवा मात्र आहे. उपचाराचं म्हणाल, तर कॅलिफोर्नियात ६२ जणांवर केलेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. वाडगे ऐकल्यावर ताण, राग, थकवा कमी झाल्याचं लोकांनी सांगितलं. पण वाडग्यांशिवाय तासभर नुसतं पडून राहिलेला गट तुलनेला नव्हता. आपल्यापैकी किती जणांना कुणी तासभर नुसतं पडू देतं? म्हणून विश्रांतीसाठी जरूर जा. औषध मात्र बंद करू नका.

आपल्या शास्त्रकारांनी नादाचा विचार केला, तो कसा? देवगिरीला तेराव्या शतकात, यादव राजा सिंघणाच्या काळात, शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. या यादवांचं आधीचं ठाणं आपल्या जिल्ह्यातलं सिन्नर. शार्ङ्गदेव गाण्याआधी देहाचं वर्णन करतो, गर्भापासून. मग नादाचे दोन प्रकार सांगतो, आहत आणि अनाहत. आणि मोकळेपणाने म्हणतो की अनाहताने मुक्ती मिळत असेल, पण लोकांचं रंजन त्याने होत नाही. मला हा प्रामाणिकपणा फार आवडतो. रंजनाला रंजन म्हणायची त्याला लाज वाटली नाही. आज आपण रंजनाला 'थेरपी' म्हटल्याशिवाय त्याचे पैसे मागू शकत नाही.

दुसरं उदाहरण ध्यानबिंदू उपनिषदाचं. ओंकार कसा संपावा? तिथे उपमा दिली आहे लांबत जाणाऱ्या घंटानादाची. ठोका महत्त्वाचा नाही, त्याचं विरत जाणं महत्त्वाचं. आणि विरणं ऐकू यायला भोवती काय लागतं? शांतता.

माझा मुद्दा इथे येऊन थांबतो. नारोशंकराची घंटा पाच मैलांवर ऐकू येई असं सांगतात. अंतर खरं-खोटं काहीही असो, ही आख्यायिका घंटेइतकीच त्या गावाविषयी बोलते. तेव्हाचं नाशिक तेवढं शांत होतं. आज रामकुंडावर उभं राहा. शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येईल की नाही, याची खात्री नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. नियम कागदावर, आणि ध्वनिक्षेपकांच्या भिंती रस्त्यावर. म्हणून आपण दारं बंद करून, पैसे भरून, वाडग्याच्या दोन ठोक्यांमधली शांतता विकत घेतो. पूर्वी ती घाटावर फुकट होती. गरिबालाही होती.

ज्यांना पैसे परवडतात त्यांनी शांतता विकत घ्यावी, आणि बाकीच्यांचे कान फुटावेत, याला मी आरोग्य म्हणणार नाही. सिंहस्थ येतो आहे. रस्ते होतील, घाट होतील. दिवसातला एक तास, पहाटेचा, ध्वनिक्षेपकाशिवाय ठेवता येईल का, एवढं आपण नाशिककरांनी मागावं.

शेवटी माझ्या कानाचं. त्या दिवशी वाडग्याचा नाद विरत गेला आणि माझ्या कानातल्या सूंमध्ये मिसळला. एक कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, मला सांगता आलं नाही. कानातला आवाज गेला नाही. पण आठ वर्षांत पहिल्यांदा मी त्याच्याशी भांडत नव्हतो. याचं श्रेय वाडग्याचं किती आणि त्या खोलीतल्या पंधरा माणसांनी तासभर गप्प राहण्याचं किती? मला दुसरं जास्त वाटतं.

तुम्हीही आता तासभर शांत बसून ऐकलंत.