भाजलेल्या रुग्णांसाठी ‘नर्स प्रॅक्टिशनर’ काय करते? गोंदियासारख्या जिल्ह्यात ती का हवी?

देवरी किंवा अर्जुनी मोरगावकडच्या गावात कुणी गंभीर भाजलं, तर गोंदियाच्या केटीएस रुग्णालयात पोचेपर्यंतच मोलाचा वेळ जातो. पुढे नागपूरला हलवायचं तर रस्त्याने आणखी सुमारे दीडशे किलोमीटर. या सगळ्या काळात रुग्णाजवळ सर्वांत जास्त वेळ असते ती सिस्टर.

आणि हाच काळ निर्णायक असतो. पहिल्या २४ तासांत सलाईन किती द्यायचं, याचा अंदाज पार्कलँड सूत्राने काढतात : ४ मिली गुणिले वजन गुणिले भाजल्याची टक्केवारी. म्हणजे ६० किलोचा माणूस ३० टक्के भाजला तर ७.२ लिटर. त्यातलं निम्मं पहिल्या ८ तासांत. पण हे ८ तास मोजायचे भाजल्यापासून, दवाखान्यात आल्यापासून नाही! वाटेत तीन तास गेले, तर ३.६ लिटरसाठी उरतात फक्त पाच. शिवाय दर तासाला लघवी मोजून सलाईनचा वेग कमी-जास्त करावा लागतो.

(घरी काय करायचं? जखमेवर २० मिनिटं साधं वाहतं पाणी. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ काहीच नको.)

मग नर्स प्रॅक्टिशनर वेगळी कशी?

ही पुढचं शिक्षण घेतलेली नर्स. रुग्ण तपासणं, चाचण्या सांगणं, ठरलेल्या चौकटीत औषधं देणं हे अधिकार तिला असतात. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात ही कल्पना सुरू झाली. भारतात इंडियन नर्सिंग कौन्सिलचा दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम आहे, पण तो अतिदक्षता विभागासाठी. भाजलेल्यांच्या शुश्रूषेचा एक वर्षाचा डिप्लोमाही आहे. त्याने कौशल्य वाढतं, अधिकार नाही.

कामाच्या समाधानाचा प्रश्न इथेच येतो. या वॉर्डातलं सर्वांत अवघड काम म्हणजे ड्रेसिंग. रुग्ण ओरडत असतो आणि त्या क्षणी दुखावणारा हात सिस्टरचाच असतो. पण तोच रुग्ण आठवड्यांनी आखडलेली बोटं उघडून स्वतः घास घेतो, तेही तीच पाहते. असं समाधान फार थोड्या वॉर्डांत मिळतं. ते टिकायला पगार आणि पुरेसं मनुष्यबळ लागतंच. त्याहून बोचते ती जबाबदारी आणि अधिकार यांतली दरी : ड्रेसिंगआधी वेदनाशामक वाढवायला हवं हे तिला कळतं, पण त्यासाठी डॉक्टरांच्या सहीची वाट पाहावी लागते.