शेख ईसांच्या एका वाक्यावरील भाष्य

मूळ पत्र अगदी छोटे आहे. १४ मे १९१४ रोजी बहरीनचे शेख ईसा बिन अली अल खलिफा यांनी तिथले ब्रिटिश पोलिटिकल एजंट मेजर ट्रेव्हर यांना ते पाठवले. आधीच्या एका पत्राचा उल्लेख आणि मग एक लांब वाक्य, एवढाच त्यातला ऐवज. आखाताच्या तेलावर साम्राज्याची देखरेख कशी बसली हे मला या एका वाक्यातून जितके कळले, तितके जाडजूड इतिहासांतून कळले नाही. म्हणून ते पदापदाने वाचतो. आशय पत्रातला, मराठी शब्द माझे.

आता मी आपणांस पुन्हा सांगतो की

‘पुन्हा’ हा शब्द वरवर आधीच्या पत्राकडे बोट दाखवतो. पण बहरीनचे शेख असे लिहून देण्याला सरावले होते. १८८० मध्ये त्यांनी कबूल केले की ब्रिटिशांच्या संमतीशिवाय दुसऱ्या कोणत्याही राज्याशी वाटाघाटी किंवा तह करणार नाही. १८९२ मध्ये कबूल केले की मुलखाचा कोणताही भाग त्यांच्याखेरीज कोणाला देणार, विकणार वा गहाण टाकणार नाही. तेलाचे वचन ही त्याच साखळीतली पुढची कडी. कुवेतचे शेख मुबारक यांनी ऑक्टोबर १९१३ मध्ये तसेच पत्र देऊन टाकले होते.

माझ्या मुलखात रॉकेल मिळण्याचा संभव असेल तर

पत्रात पेट्रोल नाही, रॉकेल आहे. आपल्या आजीच्या तोंडचे घासलेट. शेखांच्या समोर होता तो दिव्याचा प्रश्न. एजंटाच्या सरकारसमोर आरमाराचा होता. ब्रिटिश युद्धनौका कोळशावरून तेलावर येत होत्या. इराणात मस्जिदे सुलेमानला १९०८ मध्ये तेल लागले होते. अॅडमिरल स्लेड यांचे ब्रिटिश पथक तेलाच्या पाहणीसाठी १९१३ च्या अखेरीस आखात पाहून गेले होते. या पत्रानंतर सहाच दिवसांनी, २० मे रोजी, ब्रिटिश सरकारने अँग्लो-पर्शियन तेल कंपनीत बहुसंख्य भाग घेण्याचा करार केला. एकाच शब्दाखाली दोन माणसे दोन वेगळ्या वस्तूंबद्दल बोलत होती, आणि त्यांतल्या एकालाच हे ठाऊक होते.

मी स्वतः ते काढू लागणार नाही

या पदावर मी पुन्हा पुन्हा अडतो. परक्याला न देण्याचे वचन समजू शकते. पण हे वचन स्वतःविरुद्ध आहे. स्वतःच्या जमिनीत स्वतः विहीर खणणार नाही, असे राज्यकर्ता लिहून देतो. तेव्हा शेखांकडे ना यंत्रे होती ना भूगर्भतज्ज्ञ, मग हे लिहून घेण्याची गरजच काय, असे कोणी विचारील. गरज होती, कारण हक्क आणि ऐपत या वेगळ्या गोष्टी आहेत. ऐपत उद्या येऊ शकते, भाडोत्री आणता येते. ती येण्याआधीच हक्क बांधून ठेवायचा होता. एजंटाने तेल मागितलेच नाही, तेलाला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार तेवढा मागून घेतला. आखातातल्या पुढच्या प्रत्येक तेलकराराची किल्ली मला या पदात दिसते.

कुठूनही आलेल्या बोलण्याला थारा देणार नाही

‘कुठूनही’ या शब्दात ऑटोमन, जर्मन, अमेरिकन सगळे येतात, नावे न घेता. हा साचा आखातात घडलेला नाही, तो आपल्याकडचा आहे. बोरिवलीहून विरार लोकल पकडली तर अर्ध्या तासात वसई येते. तिथे ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने जो तह केला, त्यात सहा पलटणींची तैनाती फौज होती आणि तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख होता, हे शाळेत पाठ होते. त्याच तहात पेशव्याने हेही मान्य केले की इंग्रजांशी आधी विचारविनिमय केल्याशिवाय दुसऱ्या सत्तेशी बोलणी लावणार नाही. फौज आणि मुलूख डोळ्यांत भरतात, म्हणून आपण त्यांच्यावर रडलो. बोलणी लावण्याचा हक्क गेला ते फारसे कोणाला टोचले नाही.

अंधेरी, मुलुंड, घाटकोपर ज्या साष्टीत आहेत ती साष्टीही अशीच करारांतून हिंडली आहे. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेऊन ती बळकावली, मार्च १७७५ मध्ये सुरतेला राघोबाने ती लिहून दिली, १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. बहरीनचे पत्र मुलुंडच्या घरात बसून वाचताना ते परके वाटत नाही ते यामुळे.

आणि हे नुसते साम्य नाही, वारसा आहे. नोव्हेंबर १८१९ मध्ये मुंबईहून निघालेल्या आरमाराने रास अल खैमा घेतले आणि जानेवारी १८२० मध्ये किनाऱ्यावरच्या शेखांशी सागरी तह झाला. तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, ज्यांनी पुण्याचे रेसिडेंट म्हणून पेशवाईचा शेवट पाहिला होता. इराणच्या किनाऱ्यावरच्या बुशहरहून आखाताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या हुद्द्याचे नावही तेच, रेसिडेंट. १८७३ पर्यंत तो मुंबई सरकारच्या हाताखाली होता, नंतर १९४७ पर्यंत हिंदुस्थान सरकारच्या. वसईला जे कलम पेशव्यापुढे ठेवले, ते त्याच कचेऱ्यांच्या सवयीने शेखांपुढे आले.

एजंटाशी सल्लामसलत केल्यावाचून आणि वरिष्ठ सरकारच्या मान्यतेवाचून

कुलूप एक, किल्ल्या दोन. सल्लामसलत बहरीनमध्ये, मान्यता दूर कुठेतरी. अर्ज एजंटाकडून बुशहरला, तिथून दिल्ली-सिमल्याला, तिथून लंडनला इंडिया ऑफिसात जायचा, आणि उत्तर त्याच वाटेने परत. मान्यता कधी, कोणत्या कारणाने मिळेल किंवा नाकारली जाईल, याबद्दल वाक्यात अक्षर नाही.

ते मौन किती महाग पडले हे पुढे दिसले. स्वतः शेख ईसांना मे १९२३ मध्ये ब्रिटिशांनीच बाजूला सारून कारभार मुलगा हमद याच्याकडे दिला. बहरीनला गोड्या पाण्याच्या विहिरी खणून देणाऱ्या फ्रँक होम्स यांच्या सिंडिकेटला डिसेंबर १९२५ मध्ये तेलाची सवलत मिळाली. अँग्लो-पर्शियनला बहरीनमध्ये रस नव्हता. होम्सनी हक्क अमेरिकन गल्फ कंपनीला देऊ केले. भागीदार कंपन्यांना जुन्या ऑटोमन मुलखात स्वतंत्रपणे तेल घ्यायला मनाई करणाऱ्या १९२८ च्या ‘रेड लाइन’ कराराने ती बांधली गेली आणि ते हक्क कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइलकडे गेले. आता कंपनी ब्रिटिश असावी, असा आग्रह लंडनने धरला. ज्यांना स्वतःला तेल नको होते त्यांनी दुसऱ्याला अडवून धरले, कारण नकाराचा अधिकार १९१४ पासून त्यांच्या कपाटात होता. तडजोड अशी निघाली: कंपनी १९२९ मध्ये कॅनडात नोंदवायची, तिच्या मुख्य स्थानिक प्रतिनिधीला ब्रिटिश सरकारची पसंती हवी, आणि शेखांशी तिचा व्यवहार पोलिटिकल एजंटामार्फत. १९३२ च्या उन्हाळ्यात जबल दुखानला तेल लागले. त्याच वर्षांत जपानी कल्चर्ड मोत्यांनी आणि मंदीने आखाताचे मोती, म्हणजे मुंबईच्या मोतीबाजाराचा माल, कवडीमोल केले होते. बहरीनच्या लोकांना त्या तेलाची किती निकड होती हे यावरून समजावे.

हे आम्ही आपखुशीने लिहीत आहोत

हे पद शेख ईसांचे नाही. शारजाच्या शेखांनी फेब्रुवारी १९२२ मध्ये दिलेल्या पत्राच्या आरंभी ते येते. शेजारच्या शेखांनी मेपर्यंत तशीच पत्रे दिली. ती घेणारे रेसिडेंट होते ट्रेव्हर, तेच १९१४ चे एजंट. आपल्या खरेदीखतात ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने’ असे लिहितात. ज्याने गावाकडची जमीन विकताना वडीलधाऱ्यांना खाली मान घालून सही करताना पाहिले आहे, त्याला हे शब्द कुठे लागतात ते सांगायला नको. खुशी खरोखर असते तिथे ती लिहून घ्यावी लागत नाही.

ज्याला ब्रिटिश सरकार नेमील त्याच्याखेरीज परक्यांना सवलत देणार नाही

हे पदही शारजाच्याच पत्रातले. ‘परके’ कोण, हे ठरवणारे सरकारही परकेच. वाक्याच्या रचनेत मात्र ते घरचे होऊन बसले आहे. शेखांना यातून मिळाले काय, तर रुपये. कुवेतच्या १९३४ च्या आणि कतारच्या १९३५ च्या करारात टनाला ३ रुपये रॉयल्टी आणि मुदत ७५ वर्षे. तोच आपला रुपया आखातात १९५९ नंतर वेगळ्या रंगाच्या नोटांच्या रूपाने चालू राहिला, आणि त्या नोटा छापल्या नाशिकला.

या पदावरचे शेवटचे टिपण घाटकोपरपासून जवळच्याच माहुल-तुर्भ्याचे आहे. तिथल्या दोन रिफायनऱ्या, स्टॅनव्हॅक आणि बर्मा शेल या परदेशी कंपन्यांच्या, १९५४-५५ मध्ये सुरू झाल्या. त्यांचे करार १९५१ चे, स्वतंत्र भारताने स्वतःच्या सहीने केलेले. त्यात सरकारने लिहून दिले होते की पंचवीस वर्षे या रिफायनऱ्यांचे राष्ट्रीयीकरण करणार नाही. कच्चे तेल कंपन्या आपल्याच विहिरींचे, म्हणजे बहुतांशी आखाताचे, आणत. १९६० मध्ये सोव्हिएत रशियाने स्वस्त तेल देऊ केले तेव्हा तेलमंत्री केशवदेव मालवीय यांनी ते माहुलला शुद्ध करून मागितले. कंपन्यांनी नकार दिला.