जेवणाची निराळी खोली



मुंबईच्या लोअर परळ भागांत आज जीं मोठीं उपाहारगृहें आहेत, त्यांपैकीं अनेकांत एक निराळी खोली असते. दहा-वीस माणसें एका मेजाभोंवतीं बसतील एवढीच ती असते. तिला दार असतें, तिचा वाढपी स्वतंत्र असतो, आणि ती आधीं सांगून राखून ठेवावी लागते. पुष्कळ ठिकाणीं खोलीचें भाडें म्हणून कांहीं घेत नाहींत. मात्र बिलाची एक किमान रक्कम ठरलेली असते, आणि पाहुण्यांनीं कमी खाल्लें तरी तेवढे पैसे यजमानास भरावेच लागतात. वाढदिवस, साखरपुडा, व्यापारी बोलणीं अशा प्रसंगीं सुखवस्तु कुटुंबें ही खोली घेतात. त्यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु ही चाल सर्वस्वी नवी व विलायती आहे असा जो समज आहे, तो मला अर्धाच खरा वाटतो. जेवतांना कोणीं कोणापासून निराळें बसावें, हा प्रश्न आम्हां कोंकणवासीयांस फार जुना आहे. त्याचीं उत्तरें मात्र काळाप्रमाणें बदलत आलीं आहेत.

मालवणाकडील जुन्या घराची रचना पाहिली, तर जेवणाच्या जागांची एक उतरंडच तेथें दिसते. पुरुषांची पंगत माजघरांत किंवा पडवींत बसे. बायकांची त्यानंतर, स्वयंपाकघराच्या अंगास. गडीमाणसें बाहेर खळ्यांत. आणि ज्यांस अस्पृश्य म्हणत, त्यांच्या वांट्यास खळ्याची कड येई, तीही दुरून. कोणीं कोठें बसावें हें जन्मतःच ठरलेलें असल्यामुळें जागा राखून ठेवण्याचा प्रश्नच उद्भवत नसे.

शहरांत हा हिशेब बिघडूं लागला. १८९० च्या ऑक्टोबरांत पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें एका व्याख्यानानंतर जमलेल्या मंडळींपुढें चहा-बिस्किटें ठेवण्यांत आलीं. टिळक आणि रानडे हे दोघेही तेथें होते. कोणीं चहा घेतला, कोणीं पेला नुसता हातीं धरला. गोपाळराव जोशी यांनीं हजर असलेल्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत छापून आणलीं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, आणि प्रायश्चित्ताचा वाद पुढें दोन वर्षें पुरला. चहा थंड होण्यास लागतो त्याहून फारच अधिक वेळ! रेल्वे स्टेशनांवर तर हिंदूंचें पाणी निराळें आणि मुसलमानांचें निराळें असे. निराळी खोली ही त्या काळीं चैन नव्हती. ती धर्माची अट समजली जाई.

आमच्याच जिल्ह्यांत, म्हणजे तेव्हांच्या अखंड रत्नागिरी जिल्ह्यांत, १९३३ सालीं सावरकरांच्या पुढाकारानें रत्नागिरी शहरांत अखिल हिंदु उपहारगृह निघालें. पूर्वास्पृश्यांच्या हातचें खाणें-पिणें तेथें सर्वांस उघडपणें घेतां यावें, हा त्याचा हेतु. नांवांतच त्याची मर्यादा होती, तरीही त्या काळीं तें धाडस होतें. पुढें २६ जानेवारी १९५० रोजीं राज्यघटना अमलांत आली, आणि धर्म, जात किंवा लिंग यांवरून कोणास उपाहारगृहांत मज्जाव करतां येणार नाहीं, हें कायद्यानें ठरलें.

लिंग हा शब्द मीं मुद्दाम उच्चारला. कारण मुंबईच्या निराळ्या खोलीचा खरा इतिहास स्त्रियांपासून सुरू होतो. विलायती धर्तीचीं मोठीं हॉटेलें तेथें पूर्वीच आलीं होतीं. काळा घोड्याजवळील वॉटसनचें हॉटेल गोऱ्यांचें. १६ डिसेंबर १९०३ रोजीं उघडलेल्या ताजमध्यें एतद्देशीयांसही प्रवेश होता. पण तेथें जाऊन जेवणारे राजेरजवाडे आणि धनिक. सामान्य पांढरपेशा मनुष्य घराबाहेर खाऊं लागला तो इराण्याकडे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणांतील झरथुष्ट्री लोक मुंबईंत येऊं लागले, आणि रस्त्याच्या कोपऱ्यावरील दुकानें त्यांनीं घेतलीं. धोबीतलावाजवळचें कयानी १९०४ सालचें, बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया १९२३ सालचें. संगमरवरी मेज, वांकविलेल्या लांकडाची खुर्ची, ब्रून-मस्का आणि चहा. जात विचारण्याची पद्धत तेथें फारशी नव्हती. पैसे दिले कीं पेला पुढें येई.

परंतु राबता सगळा पुरुषांचा. एकट्या स्त्रीसच काय, पतीबरोबर आलेल्या स्त्रीसही त्या घोळक्यांत बसणें जड जाई. म्हणून कित्येक इराण्यांनीं माळ्यावर किंवा मागल्या बाजूस लांकडी आडोशाच्या लहान खोल्या केल्या. कोठें अर्धें झुलतें दार, कोठें नुसता पडदा. आणि वर पाटी, 'फॅमिली रूम'. ह्या पडद्याची पुढें पुष्कळ थट्टा झाली, आणि कुटुंब होण्यापूर्वींच कुटुंबाच्या खोलींत शिरणाऱ्या तरुण जोडप्यांनीं तिला कारणही दिलें. तरीही माझें मत असें आहे कीं, तो पडदा जितका अटकाव होता तितकीच वाटही होता. स्वतःची चूल सोडून, दुसऱ्यानें केलेलें आयतें खाण्याचा अनुभव मध्यम स्थितींतील कितीतरी गृहिणींस प्रथम त्या आडोशाआड मिळाला.

आतां लोअर परळाकडे वळूं. कारण तो भाग आमचाच आहे. मालवण, वेंगुर्लें येथून आगबोटीनें निघालेला आमचा गडी भाऊच्या धक्क्यावर उतरे आणि परळ-लालबागेंतील एकाद्या गांवकीच्या खोलींत वळकटी टाकी. एका खोलींत पंधरा-वीस जण, गिरणीच्या पाळीप्रमाणें पाळीपाळीनें झोपणारे. बायकामुलें गांवीं. मग त्यानें जेवावें कोठें? तो खानावळींत जेवी. आणि ही खानावळ म्हणजे चाळींतील कोण्या बाईचें एका खोलीचें बिऱ्हाड. गिरण्यांत स्त्रियांस काम मिळणें जसजसें कमी होत गेलें, तसतशा कित्येकींनीं हा उद्योग धरला. पहाटे उठून डबे भरावयाचे, मग जेवायला येणाऱ्यांच्या पंगती काढावयाच्या. आठवड्याचे वार पाहून माशाचें कालवण किंवा डाळ, जोडीस भात-भाकर. पैसे महिन्याकांठीं, पगार झाला कीं. पंगत बसली कीं घरचीं मुलें गॅलरींत. ज्याला आज 'प्रायव्हेट' म्हणतात, तशी त्या बाईजवळ एकच खोली होती, आणि तीच तिनें दोन वेळां दुसऱ्यांच्या जेवणासाठीं मोकळी केली होती. सोवळें-ओंवळें तेथेंही अगदींच सुटलें नव्हतें. खानावळी बहुधा गांवाच्या नि जातीच्या ओळखीनेंच चालत. पण एका ताटाच्या अंतरावर बसून जेवणारीं माणसें एकमेकांचीं सुखदुःखें जाणत.

संप झाला कीं ह्या बायका उधारीवर जेवूं घालीत, आणि वाण्याचे पैसे भागविण्यासाठीं सावकाराकडून जबर व्याजानें कर्ज काढीत. गोवामुक्तीच्या लढ्यांत भाग घेतलेल्या प्रेमाताई पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलें, तें ह्यासाठींच. बँकांचें राष्ट्रीयीकरण १९६९ सालीं झालें होतें. परंतु तारण ठेवावयास भांड्यांपलीकडे कांहीं नसलेल्या बाईस बँकेच्या दारांत उभें कोण करणार? मंडळानें बायकांचे गट करून तीं कर्जें मिळवून दिलीं. गिरणगांवाच्या इतिहासांत पुढाऱ्यांच्या भाषणांस जितकीं पानें मिळालीं, त्यांच्या दहावा हिस्साही ह्या बायकांस मिळाला नाहीं, ही मला मोठी उणीव वाटते.

१८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लक्ष कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागें घेतला असें कधीं झालेंच नाहीं. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, गडी गांवीं परतले, आणि खानावळींच्या वह्यांतील उधारी वह्यांतच राहिली. पुढें १९९१ च्या नियमांनीं गिरण्यांच्या जमिनींस निराळा उपयोग मोकळा झाला, २००१ च्या बदलानें तो अधिकच सैल झाला. फिनिक्स गिरणीच्या आवारांत बाजारपेठ उभी राहिली, कमला गिरणीच्या आवारांत कचेऱ्या आणि उपाहारगृहें. तेथेंच २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीं गच्चीवरील उपाहारगृहांत आग लागून १४ माणसें मरण पावलीं, हें विसरतां येणार नाहीं.

जेथें एका बाईची खाजगी खोली वीस परक्या माणसांची जेवणाची जागा झाली होती, त्याच भागांत आज सार्वजनिक उपाहारगृहांतील एक खोली पैसे देऊन खाजगी करतां येते. सोलकढी तेथेंही मिळते, लहानशा कांचेच्या पेल्यांत. दाराशीं जात विचारीत नाहींत, स्त्रियांस पडद्याआड बसवीत नाहींत, हा लाभ लहान नव्हे; तो मीं कमी लेखीत नाहीं. परंतु त्या दारांतून आंत कोणास जातां येतें हें किमान रकमेच्या आंकड्यानें ठरतें, आणि जवळच्या जुन्या चाळींत अजून राहणाऱ्या गिरणीकामगाराच्या नातवास तो आंकडा वाचतां येतो, भरतां येत नाहीं.

इकडे मालवण, तारकर्ली, देवबाग येथें 'घरगुती जेवण' अशा पाट्या घरोघर लागल्या आहेत. मुंबईची मंडळी आदल्या दिवशीं दूरध्वनि करून माणसें किती, मासे कीं कोंबडी-वडे, तें कळवितात. घरची बाई सकाळीं बाजार पाहून सुरमई किंवा पापलेट आणते. पाहुण्यांची पंगत पडवींत बसते, स्त्री-पुरुष एकत्र. त्यांचीं पानें उचललीं गेलीं कीं मग घरचे पुरुष जेवतात, आणि त्यांच्यानंतर, पूर्वींच्याच वेळेस आणि पूर्वींच्याच जागीं, स्वयंपाकघराच्या अंगास घरच्या बायका.