‘गिफ्ट’ तिलापिया: गरीब देशांतल्या तळ्यांसाठी माशाची नवी जात कशी तयार झाली?

भिगवण किंवा इंदापूरच्या बाजूला गेलेल्या खवय्यांना ‘चिलापी’ हा मासा वेगळा सांगावा लागत नाही. उजनीच्या पाण्यातला हा मासा तिथल्या हॉटेलांत तळून, रश्शात, थाळीत मिळतो. पण चिलापी मूळचा भीमेचा नाही, भारताचाही नाही. त्याचं शास्त्रीय जगातलं नाव तिलापिया आणि त्याचं मूळ घर आफ्रिका.

याच तिलापियाच्या एका भावंडावर १९८८ मध्ये फिलिपिन्समध्ये एक मोठं संशोधन सुरू झालं. गरीब देशांतल्या छोट्या शेतकऱ्याला कमी खर्चात, लवकर वाढणारा मासा मिळवून देणं हा त्याचा उद्देश होता. त्यातून तयार झालेली ‘गिफ्ट’ ही जात आज डझनाहून अधिक देशांत पोहोचली आहे. हे संशोधन नेमकं काय होतं, त्याचा फायदा कोणाला झाला आणि त्यातला धोका कोणता, हे समजून घेऊया.

आधी हे का महत्त्वाचं आहे?

जगात समुद्र आणि नद्यांमधून पकडल्या जाणाऱ्या माशांचं प्रमाण गेली अनेक वर्षं जवळपास तेवढंच आहे. खाणारी तोंडं मात्र वाढत आहेत. हा फरक मत्स्यपालनाने भरून काढला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आकडेवारीनुसार, २०२२ मध्ये मासे, कोळंबी, शिंपल्यांसारख्या जलचरांचं पालनातून मिळालेलं उत्पादन पहिल्यांदाच मासेमारीतून मिळालेल्या उत्पादनापेक्षा जास्त झालं. पालनाचा आकडा होता सुमारे ९.४ कोटी टन, तर मासेमारीचा ९.१ कोटी टन.

या पालनाचा मोठा भाग आशियातल्या विकसनशील देशांत होतो. त्यात नाईल तिलापियाचा वाटा वर्षाला ५० लाख टनांहून अधिक आहे. हा मासा शेवाळ, कोंडा, पेंड असं बरंच काही खातो. कमी ऑक्सिजनच्या पाण्यातही तग धरतो. कोळंबी किंवा सामनसारखं महागडं खाद्य त्याला लागत नाही. म्हणूनच त्याला कधीकधी ‘पाण्यातली कोंबडी’ म्हटलं जातं.

मग अडचण काय होती?

आशियात सगळ्यात आधी आला तो मोझांबिक तिलापिया. भारतात तो १९५२ मध्ये आणला गेला. हा मासा काही महिन्यांतच वयात येतो आणि वारंवार अंडी घालतो. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्लं जगण्याचं प्रमाण चांगलं असतं. परिणामी थोड्याच काळात तळं बोटभर माशांनी भरून जातं. खाद्य सगळ्यांत वाटलं जातं आणि एकही मासा विकण्याजोगा होत नाही.

नाईल तिलापिया त्यापेक्षा बरा होता, वाढही चांगली होती. पण आशियात आणलेला साठा फार थोड्या माशांपासून वाढवलेला होता. पिढ्यानपिढ्या त्याच त्या माशांमध्ये पैदास होत राहिली. काही ठिकाणी त्याचा मोझांबिक तिलापियाशी संकरही झाला. म्हणजे शेतकरी पैसे देऊन जे बीज विकत घेत होता, त्याचा दर्जाच घसरत चालला होता.

भात, गहू, कोंबडी, गाय यांच्या सुधारित जाती तोपर्यंत जगभर पोहोचल्या होत्या. उष्ण प्रदेशातल्या माशांच्या बाबतीत मात्र असं पद्धतशीर काम जवळपास झालंच नव्हतं.

‘गिफ्ट’ म्हणजे काय?

‘जेनेटिकली इम्प्रूव्ह्ड फार्म्ड तिलापिया’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘गिफ्ट’ हे नाव आलं. तेव्हा मनिलात असलेल्या ‘इक्लार्म’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने हा प्रकल्प राबवला. हीच संस्था आज ‘वर्ल्डफिश’ या नावाने मलेशियातल्या पेनांगमधून काम करते. फिलिपिन्समधल्या सरकारी आणि विद्यापीठीय संस्था सोबत होत्या. आशियाई विकास बँक आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांनी पैसा दिला. पद्धत मात्र आली नॉर्वेतून. तिथल्या ‘अक्वाफोर्स्क’ या संस्थेने १९७० च्या दशकात सामन माशावर निवड पैदाशीचं काम सुरू केलं होतं.

१९८८-८९ मध्ये इजिप्त, घाना, केनिया आणि सेनेगल या चार देशांतून जंगली नाईल तिलापिया गोळा करण्यात आले. फिलिपिन्समध्ये आधीपासून पाळले जाणारे चार प्रकार त्यात घेतले. ते इस्रायल, सिंगापूर, तैवान आणि थायलंडमधून आलेले होते. असे एकूण आठ गट झाले.

हे आठही गट ११ वेगवेगळ्या प्रकारच्या परिस्थितीत वाढवून पाहिले गेले. निकाल अनपेक्षित होता. घानाचा गट सोडला तर आफ्रिकेतले जंगली मासे आशियातल्या ‘पाळीव’ माशांइतकेच किंवा त्यांच्यापेक्षा चांगले वाढले. आशियातल्या तळ्यांमधलं बीज किती कमजोर झालं होतं, ते यातून दिसलं. दुसरी गोष्टही कळली: जो गट एका ठिकाणी चांगला, तो बहुतेक ठिकाणी चांगला. त्यामुळे प्रत्येक प्रकारच्या तळ्यासाठी वेगळी जात तयार करण्याची गरज उरली नाही.

मासा ‘सुधारला’ कसा?

यात दुसऱ्या प्राण्याचं जनुक माशात घातलेलं नाही. प्रयोगशाळेत जनुकांची काटछाटही झालेली नाही. शेतकरी पुढच्या हंगामासाठी चांगलं कणीस बाजूला ठेवतो, त्याच तत्त्वावर हे काम झालं. फरक इतकाच की, इथे प्रत्येक माशाच्या आई-बापाची नोंद ठेवली गेली.

आठ गटांचे आपसांत मिळून ६४ प्रकारचे मेळ लावण्यात आले. नुसत्या संकराने मोठा फायदा होत नाही, हे लक्षात आल्यावर त्यातले उत्तम २५ मेळ एकत्र करून एक पायाभूत साठा तयार केला गेला. त्यानंतरचं काम दर पिढीला असं चाले:

• एकेका जोडीची पिल्लं वेगळ्या हाप्यात, म्हणजे बारीक जाळीच्या पेटीत वाढवायची. कारण नुकत्याच जन्मलेल्या पिल्लावर खूण करता येत नाही.
• पिल्लू पुरेसं मोठं झालं की त्याला क्रमांकाची खूण लावायची.
• सगळ्या कुटुंबांची पिल्लं एकाच तळ्यात सोडायची, म्हणजे पाणी आणि खाद्य सारखं मिळेल.
• काही महिन्यांनी वजन करायचं. मासा स्वतः किती वाढला आणि त्याची भावंडं किती वाढली, हे दोन्ही पाहून पुढचे आई-बाप निवडायचे.
• सख्ख्या भावंडांची जोडी लागणार नाही याची काळजी घ्यायची.

दर पिढीला वाढीचा वेग साधारण १२ ते १७ टक्क्यांनी वाढत गेला. पाच पिढ्यांनंतर ही जात मूळ साठ्यापेक्षा ८५ टक्के वेगाने वाढत होती. हा आकडा संशोधन केंद्रातला आहे. शेतकऱ्याच्या तळ्यात पाणी, खाद्य आणि देखभाल यानुसार फरक पडतो. तरीही मासा लवकर विक्रीला येतो. मत्स्यपालनात खाद्य हा सगळ्यात मोठा खर्च असल्याने वाचलेल्या प्रत्येक महिन्याला किंमत असते.

भारताचा यात काय वाटा?

माशांच्या बीजाचं शास्त्र भारताला नवीन नव्हतं. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशातल्या अंगुल इथे कार्प माशांना पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून अंडी घालायला लावण्यात यश मिळवलं. त्यानंतर बीजासाठी नदीवर अवलंबून राहणं संपत गेलं. १० जुलै हा दिवस आजही राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. पुढे भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने नॉर्वेच्याच मदतीने रोहूवर निवड पैदास केली. त्यातून आलेली ‘जयंती रोहू’ ही जात १९९७ मध्ये जाहीर झाली.

बीज चांगलं असून भागत नाही, ते गरिबाच्या हातात पडावं लागतं. हे काम आंध्र प्रदेशातल्या बापटलाचे डॉ. मोदाडुगु विजय गुप्ता यांनी बांगलादेशात केलं. रस्त्याकडेचे खड्डे, वर्षातले काहीच महिने पाणी टिकणारी डबकी यांत लवकर वाढणारे मासे पाळता येतात, हे त्यांनी भूमिहीन कुटुंबांना आणि विशेषतः महिलांना करून दाखवलं. या मासळीत तिलापियाही होता. या कामासाठी त्यांना २००५ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

लवकर वाढणारा मासा म्हणजेच चांगला मासा का?

पोषणाच्या अंगाने पाहिलं तर नेहमीच नाही. मोठा मासा घरातून बाजारात जातो. डॉ. शकुंतला हरकसिंग थिल्स्टेड यांनी बांगलादेशातल्या ‘मोला’ या छोट्या माशाचा अभ्यास केला. तो डोक्या-काट्यांसकट खाल्ला जातो, त्यात ‘अ’ जीवनसत्त्व भरपूर असतं. मोठ्या माशांच्या तळ्यात मोलाही वाढवला तर विक्रीचं उत्पन्न कमी न होता घरच्या ताटात पोषण येतं, हे त्यांनी मांडलं. त्यांना २०२१ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

वाद कुठे आहे?

पहिला वाद मालकीचा. प्रकल्प सार्वजनिक पैशातून झाला. तो संपल्यावर फिलिपिन्समधला साठा एका ना-नफा संस्थेकडे गेला आणि १९९९ मध्ये तिने नॉर्वेतल्या ‘जेनोमार’ या खासगी कंपनीशी करार केला. गरिबांसाठी तयार झालेली जात कंपनीच्या हाती का, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला. वर्ल्डफिशने मलेशियात आपला वेगळा साठा ठेवून सार्वजनिक काम सुरू ठेवलं.

दुसरा वाद जास्त गंभीर आहे. तिलापिया सहज जगतो, वाटेल ते खातो, भराभर वाढतो. तळ्यात हे गुण आहेत, नदीत हेच संकट ठरतं. उजनीसह अनेक जलाशयांत चिलापी वाढला आणि स्थानिक मासे कमी झाले, अशी तक्रार मच्छीमार आणि अभ्यासक दोघेही करतात. (धरणात सापडणारा प्रत्येक चिलापी ‘गिफ्ट’ नसतो, कारण तिलापिया त्याआधीच देशात पसरला होता.)

आफ्रिकेत प्रश्न वेगळा आहे. तिथल्या नद्यांत नाईल तिलापियाचे जंगली भाऊबंद अजून आहेत. सुधारित मासा त्यांच्यात मिसळला तर मूळ वाणच पातळ होत जाईल. आणि पुढच्या सुधारणेसाठी लागणारा कच्चा माल तर तिथूनच येणार. म्हणूनच वर्ल्डफिशने अनेक वर्षं ‘गिफ्ट’ आफ्रिकेत नेलाच नाही. त्याऐवजी इजिप्तमध्ये ‘अब्बासा’ आणि घानात ‘अकोसोंबो’ या जाती स्थानिक माशांपासूनच तयार केल्या गेल्या.

तिसरी चिंता रोगाची. २०१४ मध्ये ‘तिलापिया लेक व्हायरस’ या विषाणूची ओळख पटली. ‘गिफ्ट’च्या काही कुटुंबांमध्ये या विषाणूला तोंड देण्याची क्षमता जास्त आहे आणि ती पुढच्या पिढीत उतरते, असं संशोधनात दिसलं आहे. त्यामुळे आता वजनासोबत रोगप्रतिकारही निवडीत आणला जात आहे.

आपल्याकडच्या शेततळ्यात पाळता येतो का?

येतो, पण परवानगी घेऊन. भारतात तिलापिया पालनावर दीर्घकाळ बंदी होती. नंतर केंद्राने अटी घालून ते खुलं केलं आणि आंध्र प्रदेशात विजयवाड्याजवळ राजीव गांधी मत्स्यपालन केंद्राने वर्ल्डफिशच्या सहकार्याने ‘गिफ्ट’चं पैदास केंद्र उभारलं. शेतकऱ्याने राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाकडे नोंदणी करणं, मान्यताप्राप्त केंद्रातूनच बोटुकली आणणं आणि पाणी बाहेर पडण्याच्या वाटेवर जाळी बसवणं अपेक्षित असतं. शक्यतो फक्त नर माशांचं बीज वापरलं जातं. नर जास्त वाढतात आणि तळ्यात पिल्लांची गर्दीही होत नाही.

पुराचं पाणी शिरेल अशा सखल जागी किंवा ओढ्याला लागून असलेल्या तळ्यात हा मासा सोडू नये. एकदा नदीत गेलेला तिलापिया परत गोळा करता येत नाही, हे उजनीकाठच्या मच्छीमारांना कोणी सांगायची गरज नाही.