२८ डॉलरांचे लाकडी घर

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हणतात. घर बांधावयास घेतले म्हणजे माणसाची ऐपत, हौस आणि हिशेबीपणा या तिन्हींची परीक्षा होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात कॉनकॉर्ड नावाचे गाव आहे. तेथील लेखक हेन्री डेव्हिड थोरो याने १८४५ साली ही परीक्षा दिली, आणि १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘वॉल्डन’ या ग्रंथात तिचा पै-पैचा हिशेब जगापुढे ठेवला.

त्याचा प्रश्न साधा होता. डोक्यावर छप्पर मिळविण्यासाठी माणसाने आयुष्याची किती वर्षे द्यावीत? गावातले शेतकरी वीस-वीस, तीस-तीस वर्षे राबून आपल्या शेतावरचे व घरावरचे कर्ज फेडताना तो पाहत होता. याला काही दुसरा मार्ग आहे काय, हे त्याला स्वतःच्या हातांनी अजमावून पाहावयाचे होते.

मार्चअखेर उसनी कुऱ्हाड घेऊन तो वॉल्डन तळ्याकाठच्या रानात गेला. पाईनची उंच, कोवळी झाडे तोडून त्याने मुख्य खांब सहा इंच चौरस तासले; वासे आणि जमिनीच्या तुळया मात्र एकाच बाजूने तासून उरलेली साल तशीच ठेवली. त्यामुळे श्रम वाचले आणि लाकडाचा कसही टिकला. उतारावर सहा फूट लांब-रुंद व सात फूट खोल तळघर खणले, कारण तिथल्या वाळूत कडाक्याच्या थंडीतही बटाटे गोठत नसत. घर दहा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब. दोन्ही बाजूंना एकेक मोठी खिडकी, एका टोकाला दार, समोर विटांची शेगोटी आणि वर लहानसा माळा. ४ जुलै १८४५ रोजी तो तेथे राहावयास गेला. धुराडे थंडीपूर्वी झाले; भिंतींचा गिलावा मात्र गोठवणारी थंडी पडू लागल्यावर झाला.

एकूण खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट. खिळ्यांना ३ डॉलर ९० सेंट, एक हजार जुन्या विटांना ४ डॉलर, दोन जुन्या खिडक्यांना २ डॉलर ४३ सेंट, आणि खडूला १ सेंट. केंब्रिजच्या महाविद्यालयात विद्यार्थ्याला नुसत्या खोलीसाठी वर्षाला ३० डॉलर भाडे पडे. म्हणजे वर्षाच्या भाड्याहून कमी पैशांत त्याला घर मिळाले.

हा आकडा पुष्कळांना मोहवितो. पण हिशेबाच्या वहीत जे आले नाही, तेही पाहिले पाहिजे. जमीन त्याचा मित्र इमर्सन याची होती. रानातले लाकूड, दगड आणि वाळू यांची किंमत धरलेली नाही; स्वतःच्या मेहनतीचीही नाही. सांगाडा उभा करताना परिचितांचे हात लागले.

आणि फळ्या? लोहमार्गावर राबणाऱ्या जेम्स कॉलिन्स या आयरिश मजुराची झोपडी त्याने सव्वाचार डॉलरांना विकत घेतली. पैसे त्याच रात्री द्यायचे आणि पहाटे पाचला झोपडी मोकळी करायची, असे ठरले. सहा वाजता ते कुटुंब थोरोला वाटेत भेटले. अंथरूण, कॉफी दळण्याचे यंत्र, आरसा, कोंबड्या, असा सारा संसार एका गाठोड्यात होता. मग थोरोने झोपडी मोडली, फळ्या गाडीने तळ्याकाठी नेल्या आणि बाक निघावा म्हणून उन्हात गवतावर पसरल्या. कॉलिन्सचे घर त्याच्या वहीत ‘फळ्या’ या एका बाबीत मावले.

म्हणून ‘स्वयंपूर्ण’ याचा अर्थ ‘कोणाचेच काही न घेणारा’ असा असेल, तर हे घर स्वयंपूर्ण म्हणता येणार नाही. तरीही थोरोचे मोठेपण उरतेच. उसनी घेतलेली कुऱ्हाड आपण अधिक धारदार करून परत केली, हे तो सांगतो. आणि वाटेत भेटलेले ते गाठोडेही लपवीत नाही. दुसऱ्या हिवाळ्यात त्याने शेगोटी सोडून लहान चूल वापरली, कारण रान आपल्या मालकीचे नाही हे तो विसरला नव्हता. थोडक्यात राहायचे, आणि जे घेतले ते कोणाकडून आले याची आठवण ठेवायची, ही त्याची रीत होती.

दोन वर्षे, दोन महिने आणि दोन दिवसांनी, ६ सप्टेंबर १८४७ रोजी, त्याने ते घर सोडले. पुढे ते दुसऱ्या शेतावर नेण्यात आले, तेथे त्यात धान्य साठविले गेले, आणि अखेर मोडून त्याचे लाकूड इतर बांधकामांत गेले. १९४५ साली रोलंड रॉबिन्स यांनी जमीन उकरून धुराड्याचा पाया शोधून काढला. मजुराच्या झोपडीतून आलेले लाकूड असे हातोहाती फिरत राहिले. लहान घर बांधू पाहणाऱ्याने २८ हा आकडा विसरला तरी चालेल. आपल्या घराची फळी कोणाच्या छपराची होती, हे विचारावयास मात्र त्याने विसरू नये.